कोपरखळी : अर्थ आणि उपयोग

१४ जानेवारी

काल मुंबईहून परत आलो. गाडीने, मनोरवरून. वैतरणेच्या पुलावर विश्रामने काच खाली केली, पाण्याकडे पाहिले, काच वर केली. या पुलावर तो दर वेळी काहीतरी बोलायचा. मी वाट पाहत होते, हे पूल संपल्यावर माझ्या लक्षात आले.

त्याच्या जिभेचा मोठा भाग दिवाळीआधी काढला. आता गळ्यात पुन्हा गाठ आहे. डॉक्टर तरुण आहेत, नीट बोलतात. म्हणाले, आता पुन्हा शस्त्रक्रिया नको. घरात काही कार्य असेल तर उरकून घ्या. मी सांगितले, पुतणीचे लग्न आहे फेब्रुवारीत. ते म्हणाले, उत्तम, पुढे ढकलू नका. त्यांचे असे घरगुती बोलणे मला आवडले. विश्राम त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने मान हलवली, व्यापाऱ्याशी भाव ठरल्यावर हलवतो तशी.

(बोलताना मी त्याला अहो म्हणते. वहीत विश्राम. सासूबाईंना हे कळले असते तर त्यांनी वही चुलीत घातली असती.)

संध्याकाळी दर्पणचा फोन. माझा जुना विद्यार्थी, आता पालघरला माझ्याच जागेवर शिकवतो. कॉलेज मुलांसाठी छोटा शब्दकोश काढते आहे. 'मॅडम, तुमच्या वाट्याला कोपरखळी आलीय. अर्थ, छटा आणि एक वाक्य. वाक्य जिवंत पाहिजे, पुस्तकी नको.'

हो म्हटले. काहीतरी हाताला काम हवे.

१५ जानेवारी

कोपरखळी : विनोदाच्या आवरणातून केलेली मार्मिक टीका.

बरोबर आहे. आणि मेलेले आहे.

१९ जानेवारी

छटा. टीका समोरून होते. टोमणा जाता जाता, बहुधा पाठ फिरवून टाकला जातो. ऐकणाऱ्याला तो घरी नेऊन जपता येतो. चिमटा लहान, तात्पुरता. कोपरखळीत मारणारा आणि खाणारा एकाच पंगतीत असतात. कोपर लांब जात नाही.

वाक्य काही सुचत नाही. जी सुचतात ती सगळी विश्रामची. लग्नानंतर पंगतीत पहिल्यांदा पापलेट वाढले तेव्हा मी काटे काढून ताटाच्या कडेला ओळीत मांडत होते. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली मी. बाबा सोलापूरकडून तारापूरच्या अणुवीज प्रकल्पात नोकरीला आले, कॉलनीत मासा कोणी शिकवला नाही. विश्राम मला विजया कधी म्हणाला नाही; सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, 'आमची मास्तरीन मासा खात नाय, तपासते.' पंगत हसली. त्याने मला कोपराने हलकेच ढोसले. मी लाल झाले. उत्तर दिले नाही.

उत्तर मी कधीच दिले नाही. तीस वर्षे त्याने बोलायचे आणि मी सोसायचे, अशी वाटणी होती. 'आमची मास्तरीन भांडली तरी पूर्नविराम देऊन थांबते.' 'मास्तरीनच्या हातचा रस्सा खाल्ला का मानूस तीन दिवस खरं बोलतो.' प्रत्येक वेळी ते कोपर.

आता घर शांत आहे. मी कित्येकदा अशा शांततेची इच्छा केली होती.

२४ जानेवारी

तो फोनवर टाईप करून बोलत नाही. पाटी दिली, ती त्याने कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हणाला होता, 'लिवून टोमना मारायचा? समोरचा चष्मा शोधंपर्यंत मजा मरते.'

हाताने खुणा करतो. भूक, पाणी, पंखा, नको. एवढीच भाषा उरली आहे.

२८ जानेवारी

भेटायला माणसे येतात. सगळी एकाच आवाजात बोलतात, देवळात बोलतात तशी. 'दादा, आता लय बरं दिसता.' 'दादा, बसा, उठू नका.' रामाभाऊजी, विश्रामचे धाकटे भाऊ, ज्यांच्याशी त्याची वाडीत दिवसभर शाब्दिक मारामारी चालायची, तेही आले. एक झाडावर, एक खाली, चिकू उतरवताना दोघे एकमेकांचा उद्धार करत. बेटेगावपर्यंत ऐकू जातो, असे लोक म्हणत. आज भाऊजी त्याच्या पायाशी बसले आणि म्हणाले, 'दादा, तू सांगशील तसं.' विश्राम भिंतीकडे वळला. थकतो लवकर.

मी सगळ्यांचे मनापासून आभार मानले. लोक इतके हळुवार असतात हे मला माहीत नव्हते.

१ फेब्रुवारी

आज फार वाईट प्रकार झाला.

चिकूचे क्रेट न्यायला बोईसरचा नवा टेम्पोवाला आला. त्याला कोणी काही सांगितले नव्हते. विश्राम ओट्यावर. टेम्पोवाल्याने भाव विचारला, उत्तर नाही. पुन्हा विचारला. मग हसत म्हणाला, 'क्या सेठ, भाभी ने ज़बान ताले में रख दी क्या?'

मी स्वयंपाकघरातून धावत आले. आणि विश्राम हसत होता. मांडीवर थाप मारत, तोंडातून लाळ गळत, खांदे हलत. माझ्याकडे बोट दाखवून त्याने हवेत किल्ली फिरवली. टेम्पोवालाही हसला.

मी त्याला बाजूला घेऊन सांगितले. शब्द कठोर वापरले असावेत. त्याने दोन्ही कान धरले, येऊन विश्रामच्या पाया पडला. 'माफ करना, दादाजी.'

विश्रामचे हसणे थांबले. मी रुमालाने त्याचे तोंड पुसले. त्याने रुमाल माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः पुसले.

३ फेब्रुवारी

टेम्पोवाला आता ओट्यासमोर येताना हात जोडतो. शहाणा माणूस आहे.

९ फेब्रुवारी

किंजलच्या हळदीचा विचार करून झोप लागत नाही. किंजल रामाभाऊजींची, पण आमच्याच घरात वाढली. आम्हाला मूल नाही. तिचे सासर मनोरचे, मुलगा मितेश, कारखान्यात नोकरीला. लग्नाची काळजी नाही. काळजी गाण्यांची आहे.

आमच्या आळीत हळदीला साखरबाई गाते. आधी घरातल्या गेलेल्या माणसांची नावे, एकेक, मानाने. त्यांच्यासाठी पाटावर नारळ मांडलेले असतात, माणसागणिक एक. मग गाणे हयात माणसांकडे वळते, आणि तिथे मान संपतो. घरातल्या थोरल्यापासून सुरुवात, प्रत्येकाला एक कडवे, प्रत्येकाची फजिती. आमची दोघांची हळद एकाच मांडवात झाली, तेव्हा तिने बाबांना, म्हणजे नव्या येहींना, व्याह्यांना, घेतले होते: 'येही आमचा लाईट बनवतो, लेकीच्या मांडवी कंदील लावतो.' त्या संध्याकाळी खरोखरच वीज गेली होती. बाबा संतापून चपला घालायला लागले. विश्रामने, नवरदेवाने, हळदीच्या अंगाने उठून त्यांचा हात धरला. 'बाबा, बसा. नाव घेतलं म्हंजे घरात घेतलं.' बाबा बसले. पुढे कित्येक वर्षे ते कडवे त्यांनीच लोकांना म्हणून दाखवले.

या प्रथेवर मी एकदा महाविद्यालयाच्या अंकात टिपणही लिहिले आहे. रचना, यमक, वगैरे.

आता हयात माणसांत सगळ्यांत थोरला विश्राम. पहिले कडवे त्याचे. दर लग्नात साखरबाई त्याच्या जिभेवरच गायची. आता काय गाणार?

१० फेब्रुवारी

साखरबाईकडे गेले. ती अंगणात सुकट निवडत होती. लहानखुरी, काळी, ऐंशीच्या पुढची, आवाज अजून पत्र्यासारखा.

'ये मास्तरीनबाय. बस. आज शाला सुटली का?'

मी सांगितले. म्हटले, यांच्यावर या वेळी काही गाऊ नका. त्यांना लागेल.

तिचे हात थांबले. 'कोनावर? विश्रामवर?'

'हो.'

'मंग पयला कोन घेऊ?'

'रामाभाऊजींपासून सुरू करा.'

'अगं पन तो बसलेला असंल ना समोर?' ती माझ्याकडे पाहत राहिली. 'जितं मानूस वगलू?'

'वगळायचं नाही हो. फक्त या वेळी नको. त्यांना उत्तर देता येत नाही. चारचौघांत तुम्ही बोलणार आणि ते नुसते बसणार. मला बघवणार नाही.'

'तुला नाय बघवनार,' ती म्हणाली.

'मावशी, मी हात जोडते.'

'हात नको जोडू. तुमी शिकलेली मानसं हात जोडता ना, तवा आमाला पलायला जागा रात नाय.' सुपातली सुकट तिने उगाच पाखडली. 'मी कडवं बांदलंय त्याचं. आयकतेस?'

'नको.'

'बरं,' ती म्हणाली. पदराने डोळे पुसले. सुकटीच्या धुळीने तिच्या डोळ्यांना पाणी येते, नेहमीचेच आहे.

बरे वाटले. एक ओझे उतरले.

१७ फेब्रुवारी

विश्रामला हुरूप आला आहे. दाढी करून घेतली. पांढरा सदरा इस्त्रीला टाकायला लावला. खुणेने विचारले, साखरबाई येणार ना? मी म्हटले, येणार. त्याने कानामागे हात धरून, ऐकायला सज्ज असल्यासारखा चेहरा केला. किती दिवसांनी.

२० फेब्रुवारी

हळद झाली. सविस्तर लिहिते, नाहीतर विसरेन.

मांडव अंगणात, चिकूच्या पहिल्या रांगेपर्यंत. विश्रामला मी पुढची खुर्ची दिली, शेजारी मी. तो पुढे झुकून बसला होता. त्याचे कोपर माझ्या हाताला लागून होते. त्याला आधार हवा असेल म्हणून मी हात तसाच ठेवला.

साखरबाईने गेलेल्यांची नावे घेतली. 'मांडवी या हो बालाबाबा, तुमची झाडं फलली.' सासरे, सासूबाई, थोरले दीर, लहानपणी गेलेली नणंद. एकेका नावाला पाटावरच्या नारळाला कुंकू लागत होते. मग ती थांबली. इथे नेहमी थांबते. बायका पदर खोचून घेतात, पुरुष हसायला तयार होतात. विश्रामने खुर्ची किंचित पुढे सरकवली.

साखरबाईने त्याच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग मान खाली घालून तिने सुरू केले :

'रामादादाचा सदरा नवा, किमतीची चिठी मानंवर ठेवा.'

भाऊजींच्या कॉलरला खरोखरच चिठ्ठी होती. मांडव हसला, पण हसू उशिरा आले आणि लवकर संपले. पुढे मी : 'मास्तरीनबाय हलद लावी, आधी सगल्यांची हजेरी घेई.' मग मनोरच्या विहीणबाई : 'येहीन आमची हायवेनं आली, टोलच्या भीतीनं उतरून चालली.' विहीणबाई स्वतः टाळ्या वाजवून हसल्या. मांडव सैल झाला. मला वाटले, निभावले.

तेवढ्यात विश्राम उठला.

मी म्हटले, 'अहो, काय हवंय?' त्याने ऐकले नाही. खुर्ची उचलली. हळूहळू, बायकांच्या मधून वाट काढत, पाटाजवळ गेला. नारळांची ओळ जिथे संपते तिथे, ओळीतच, त्याने खुर्ची ठेवली आणि बसला. हात मांडीवर. सरळ. शेवटच्या नारळाला लावून. समोर माझ्याकडे पाहत.

गाणे थांबले. रामाभाऊजींनी तोंडावर हात ठेवला. किंजल हळदीच्या पाटावरून अर्धी उठली, 'काका' म्हणाली, बायकांनी तिला बसवले. विश्रामच्या डोळ्यांत मात्र चमक होती, अगदी पूर्वीसारखी. एक भुवई वर. तो माझ्याकडे बघत होता, जणू मी काही म्हणावे.

मला समजले. पुढे माणसांची गर्दी, हवा कोंडलेली; तिथे मोकळे होते. त्याला वारा हवा होता. मी उठले आणि टेबलफॅन उचलून त्याच्याजवळ नेऊन लावला.

त्याने पंख्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. भुवई खाली आली. डोळे मिटून घेतले.

बाकी कार्य व्यवस्थित पार पडले. साखरबाई जेवली नाही. विचारले तर म्हणाली, 'पोट भरलं.'

२२ फेब्रुवारी

लग्न लागले. तो गेला नाही. दमला असावा.

१ मार्च

किंजल माहेरी आली. तिच्या काकाच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला, दोघांचा. मी आत गेले तर दोघे गप्प.

'काय झालं?'

'काय नाय काकी. काकांना सांगत होते, तुमी असं काय बारीक झालात, मितेशच्या घरच्यांना वाटतंय हुंडा वाचवायला उपास केलात.'

'किंजल!'

'बगा,' ती त्याला म्हणाली, 'काकी आत आली का वर्ग भरतो.' आणि तिने त्याच्या बरगडीत हलकेच कोपर मारले. मी तिचा हात धरला. त्याला दुखेल ना.

त्याने किंजलच्या गालावर हात ठेवला. बराच वेळ. मला थोडे वाईट वाटले. त्याची पथ्ये, नळी, औषधे, सगळे मीच बघते.

८ मार्च

दर्पणचा फोन. वाक्याचे काय झाले? म्हटले, वेळ लागेल.

१५ मार्च

तो आता उठत नाही. नळीतून पेज. मी त्याच्याशी दिवसभर गोड बोलते. वाडीचे, झाडांचे, कोण भेटायला आले त्याचे. परवा बोलता बोलता माझ्या तोंडून निघाले, 'रामाभाऊजींनी यंदा इतके कच्चे चिकू उतरवले की व्यापारी विचारतो, बटाट्याचा भाव लावू का?' निघाले आणि मीच थांबले. त्याने डोळे उघडले. माझ्याकडे नवलाने पाहिले, वर्गातला मुका मुलगा अचानक बोलल्यासारखे. मी घाईने म्हटले, 'झोपा तुम्ही.'

२८ मार्च

सकाळी विश्राम गेला.

२ एप्रिल

सगळे त्याच्याविषयी चांगलेच बोलतात.

१९ एप्रिल

घरात मी एकटी जेवते. मासा आणत नाही. परवा रामाभाऊजींच्या घरून पापलेट आले. काटे काढले. ताटाच्या कडेला ओळ झाली. कोणी काही बोलले नाही.

४ मे

शेजारच्या घरी हळद होती. मी जाणार नव्हते. रामाभाऊजींची बायको म्हणाली, 'चला वयनी, मागं बसा, कोन काय म्हनत नाय.' मागच्या रांगेत बसले. शेजारची खुर्ची रिकामी होती. नवरा गेलेल्या बाईच्या शेजारी बसताना लोक विचार करतात. हे नवीन आहे.

आळीतल्या सगळ्या घरांची नावे येतात गाण्यात. साखरबाईने गेलेल्यांची घेतली. 'मांडवी या हो विश्रामदादा, तुमच्या झाडांना पानी दिलं.' मानाने. एक शब्दही वाकडा नाही. पाटावर त्याचा नारळ, शेवटचा. कुंकू लागले.

तो नारळ जिथे होता, तिथेच फेब्रुवारीत त्याची खुर्ची होती. म्हणजे आमच्या मांडवात, पण ओळीतली तीच जागा.

मग हयात माणसे. आमच्या घराची पाळी आली. आता विश्रामच्या जागी थोरली मी. साखरबाई थांबली, माझ्या दिशेने तिची मान वळली, अर्ध्यातून परत गेली. 'रामादादा रामादादा' असे सुरू झाले. मांडव हसला. माझ्याकडे कोणीही पाहिले नाही. दयेने पाहिले नाही. मी तिथे होते, साडीत, चष्म्यात, खुर्चीवर, आणि माझ्यावरून गाणे पुढे निघून गेले.

त्या दिवशी आमच्या पाटाजवळ वारा नव्हता; तो वाऱ्यासाठी तिथे बसलाच नव्हता. पंखा मीच नेला होता.

मी उभी राहिले. आवाज वर्गात लागतो तसा लागला. 'साखरमावशी, मी बसलेय इथे.'

गाणे थांबले. रामाभाऊजींच्या बायकोने माझा पदर ओढला. साखरबाईने डोळ्यांवर हात धरून मागच्या रांगेकडे पाहिले, उन्हात कोणी ओळखीचे येत असल्यासारखे. बराच वेळ. मग पत्र्यासारख्या आवाजात :

'मास्तरीनबाय मासा खाई,
काट्याकाट्याला लाल शाई.'

आधी कोणी हसले नाही. मग मागून एक पुरुष, मग बायका, मग सगळा मांडव. रामाभाऊजी हसता हसता रडायला लागले. यमक साखरबाईचे होते, बोल तिचे नव्हते. कोणाचे ते सगळ्यांना माहीत होते.

मी खाली बसले. मीही हसले असेन. कारण माझे कोपर आपोआप उजवीकडे गेले. खुर्ची प्लास्टिकची, हलकी. कलंडून पडली.

घरी निघताना साखरबाईला विचारले, 'त्यांचं कडवं काय बांधलं होतं?'

'आता नाय म्हनता येत,' ती म्हणाली. 'आता त्याला मान हाय.'

६ मे

दर्पणला नोंद पाठवली.

कोपरखळी : शेजारी बसलेल्या माणसाला, तो आपला आहे म्हणून, हसत मारलेला शब्दांचा किंवा शब्दांवाचून धक्का. गेलेल्याला मारता येत नाही.

वाक्यात उपयोग : विश्रामने मांडवात विजयाला शेवटची कोपरखळी मारली, तिला ती उशिरा लागली.

दुपारी त्याचा फोन आला. नोंद त्याने मला वाचून दाखवली. मग म्हणाला, 'मॅडम, मुलांच्या हातात जाणार आहे पुस्तक. नावं बदलू का?'

म्हटले, 'नाही. नावं राहू दे.'